तीनास एक उतार

हणमंत शेवाळेचा ट्रॅक्टर तांबडदरी धरणाच्या उतारावर गवत कापताना उलटू लागला तो अकरा ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, आणि नोव्हेंबर निम्मा सरला तरी तो उलटून झालेला नव्हता.

उजवीकडची दोन चाकं जमिनीपासून हातभर वर होती, डावीकडची दोन गवतात रुतली होती, मागे जोडलेलं गवत कापायचं यंत्र एका कडेवर टेकलं होतं आणि सीटवर हणमंत बसला होता. पहिले तीन दिवस इंजीन चालू राहिलं. मग डिझेल संपलं आणि वर उचललेलं मागचं चाक फिरायचं थांबलं. एवढाच काय तो फरक पडला.

तांबडदरीचं धरण मातीचं आहे. पाण्याकडच्या अंगाला दगडांचं अस्तर आहे आणि गावाकडच्या अंगाला गवत. पावसाळा संपला की हे गवत कापावंच लागतं, कारण भिंतीतून पाणी कुठे पाझरतंय, घुशींनी कुठे बिळं केलीत, हे गवताखाली दिसत नाही, आणि धरणाच्या खाली तीन गावं आहेत. उतारावर ट्रॅक्टर चालवायचा तर सरळ वरून खाली आणावा, आडवा घालू नये, हे ज्याने एकदा चालवलाय त्याला सांगावं लागत नाही. पण तांबडदरीला आडवाच घालतात. पंचवीस वर्षांपूर्वी कोणी एक मोठे साहेब समोरच्या रस्त्यावर जीपमधून उतरले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "वा! पट्टे काय सुरेख आलेत!" त्या वर्षी एका नव्या चालकाने चुकून गवत आडवं कापलं होतं. साहेब पुढे निवृत्त झाले, वारले, त्यांच्या शोकसभेला धरणाच्या शाखा कार्यालयातून दोन माणसं जाऊन आली, पण पट्टे आडवेच राहिले. हणमंतही बावीस वर्षं आडवाच चालवत आला होता.

अकरा तारखेला गवतावर दव होतं. उजवं मागचं चाक गवतात दडलेल्या वारुळावर चढलं, त्याच क्षणी डावं एका बिळात गेलं. अशा वेळी स्टेअरिंग उताराकडे सोडायचं असतं, म्हणजे ट्रॅक्टर निदान तोंड खाली करून सरळ तरी जातो. ही गोष्ट हणमंतने नव्या माणसांना शंभरदा सांगितली होती. त्याने स्वतः मात्र जीव वाचवायला वरच्या अंगाला वळवलं, कारण माणसाचे हात घर असेल तिकडेच वळतात आणि हणमंतचं घर भिंतीच्या वरच्या बाजूला वसाहतीत होतं. ट्रॅक्टर उलटू लागला. हणमंत घाबरला. चांगलाच घाबरला. त्याने डोळे मिटले आणि बायकोचं नाव घेतलं, जे त्याने लग्नातल्या उखाण्यानंतर चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. बऱ्याच वेळाने डोळे उघडले तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं.

दुपारी उपअभियंता कुलथे फाइल घेऊन आले. ते ट्रॅक्टरच्या वरच्या बाजूला उभे राहिले, चष्मा पुसला आणि नकाशा उघडला.

"शेवाळे, हा उतार किती आहे?"

"लई हाय, साहेब."

"लई म्हणजे किती? इथे तीनास एक लिहिलंय. तीन मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली. आणि ट्रॅक्टरबरोबर आलेल्या पुस्तकात स्पष्ट छापलंय की तीनास एक उतारावर हा ट्रॅक्टर उलटत नाही."

"पण उलटतोय की, साहेब."

"उलटतोय हे तुमचं म्हणणं. उलटला का?"

हणमंतने आजूबाजूला बघितलं. "न्हाई," तो म्हणाला.

"मग झालं तर," कुलथे म्हणाले आणि फाइल मिटून गेले.

हणमंतला ते पटलं. साहेब चिडका असला तरी कागदाला पक्का होता. ट्रॅक्टर धरून ठेवला होता तो वारुळाने नाही, ब्रेकने नाही, तर फाइलमधल्या त्या आकड्याने, हे त्याला बसल्या बसल्या कळलं. गावकऱ्यांनी दुसऱ्या दिवशी वरून कासरे आणून मडगार्डला बांधले आणि भिंतीच्या माथ्यावरच्या दगडाला आवळले. कासरे लोंबतच राहिले. ओढायला काही असेल तर कासरा ताणतो. इथे ओढ अशी नव्हतीच. संध्याकाळी लोकांनी ते सोडून नेले, कारण बैल घरी मोकळे होते.

तिसऱ्या दिवशी त्याने उतरून बघायचं ठरवलं. सीटवरून बूड चार बोटं उचललं, तर ट्रॅक्टर चार बोटं खाली आला. हणमंत परत टेकला. आकडा भरल्या ट्रॅक्टरला धरत होता, रिकाम्याला नाही. तेव्हापासून तो उजव्या मांडीवर भार देऊन, उजवा हात मडगार्डवर ठेवून बसू लागला, आणि त्या बसण्याची त्याला सवय झाली.

दिवस सरू लागले. त्याची बायको मालन दोन्ही वेळची भाकरी घेऊन यायची, वरच्या अंगाला उभी राहून द्यायची आणि तो जेवेपर्यंत घरातलं सगळं सांगायची. बाकीच्या नैसर्गिक गोष्टींसाठी दुसरा चालक पोपट ढाणे याने एका घमेल्याची सोय केली होती आणि त्याविषयी दोघे कधी बोलले नाहीत. शिपाई हजेरीपट आणायचा, हणमंत सही करायचा. रविवारी सुट्टी असे. रविवारी तो ट्रॅक्टरवर सुट्टी घ्यायचा, म्हणजे टोपी काढून ठेवायचा. दिवाळीला मालनने उटणं आणलं आणि जेवढा हाताला लागला तेवढ्या नवऱ्याला अंघोळ घातली.

प्रश्न उभा राहिला तो उरलेल्या गवताचा.

हणमंत जिथे अडकला त्याच्यापुढे निम्मी भिंत तशीच राहिली होती. गवत कमरेला लागलं होतं आणि डिसेंबरात पाहणीसाठी पथक येणार होतं. कुलथे साहेबांनी सतरा नोव्हेंबरला आदेश काढला : उर्वरित गवत पोपट ढाणे यांनी वीस तारखेपासून दुसऱ्या ट्रॅक्टरने, नेहमीच्या पद्धतीने कापावे. नेहमीच्या म्हणजे आडव्या.

पोपट आदेश घेऊन हणमंतकडे आला. तो निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला, जाड भिंगांचा, बोलताना दुसऱ्याचं बटण धरणारा माणूस होता. हणमंतचं बटण हाताला येईना म्हणून त्याने ट्रॅक्टरची लोंबणारी साखळी धरली.

"हणमंता, मी पन काय उलटायचा न्हाई म्हन."

"न्हाई उलटायचास."

"पन असाच बसंन."

"बसशील."

पोपटने खालच्या गावांकडे बघितलं. "मार्गशीर्षात पोरीचं लगीन हाय," तो म्हणाला. "मांडवात बाप पायजे का न्हाई? का नवरा-नवरीनं हितं यायचं पाया पडाया?"

महिनाभर हणमंत स्वतःपुरतं बघत होता, आणि स्वतःपुरतं बघितलं तर त्याचं बरं चाललं होतं. आता त्याला लाज वाटली. बिळं सगळ्या भिंतीत होती, दव सगळ्या भिंतीवर पडत होतं. पोपट अडकला की तिसरा येईल, तिसरा अडकला की चौथा. पाचसहा वर्षांत भिंतीवर ट्रॅक्टरांची रांग लागेल आणि समोरच्या रस्त्यावरून कोणी तरी साहेब तिचंही कौतुक करेल.

"गायधनी मॅडमना जाऊन सांग," तो म्हणाला. "म्हनावं, शेवाळे म्हनतो उतार मोजा."

अमृता गायधनी ही कनिष्ठ अभियंता दिवाळीनंतरच शाखेत रुजू झाली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हलचं यंत्र आणि मापपट्टी घेऊन आली. पोपट पट्टी धरायला होता. भिंतीच्या एका टोकापासून त्यांनी सुरुवात केली. दर वीस मीटरवर टोकापासूनच्या अंतराचा आकडा लिहिलेला दगड असतो, त्याला साखळीचा दगड म्हणतात. त्या दगडापाशी मोजायचं, वहीत लिहायचं, पुढे सरकायचं. दुपारी ती हणमंतपाशी पोचली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"मामा, हा तीनास एक नाहीच. पावणेदोनास एक भरतोय सगळीकडे, पावणेदोन मीटरलाच एक मीटर खाली."

"वाटलंच मला."

"बांधताना खालची जमीन कुणाची तरी निघाली असणार. पाया आत ओढला आणि नकाशा तसाच ठेवला. अडीचास एकपेक्षा खडा उतार असला तर ट्रॅक्टर घालताच येत नाही, विळ्यानेच कापायचं, असा नियम आहे. म्हणजे गेली इतकी वर्षं..." ती थांबली. "थांबा, तुमच्या इथलं घेते."

पोपटने हणमंतच्या चाकाजवळ पट्टी धरली. तिने यंत्रातून बघितलं आणि पेन्सिलने वहीत आकडा लिहिला. ट्रॅक्टर दोन बोटं खाली आला.

हणमंतने मडगार्ड घट्ट धरला. मॅडमने खोडरबराने आकडा खोडला. ट्रॅक्टर होता तिथे थांबला. वर काही गेला नाही.

"पेन्सिलनं हे," पोपट म्हणाला. "शाईनं काय हुईल?"

गायधनी मॅडम गवतातच बसली. तिला नोकरीला लागून वीस दिवस झाले होते आणि त्यांतले सोळा तिने जुन्या फायलींना दोरे बांधण्यात घालवले होते. खरं माप घेणं हे तिला आलेलं पहिलं खरं काम होतं.

"मी नाही लिहिणार," ती म्हणाली. "तीनास एकच राहू दे."

"आन् मी?" पोपट म्हणाला. त्याला ते म्हणायचं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण ते बाहेर पडलं होतं. "परवा वीस तारीख हाय, मॅडम."

तेवढ्यात मालन दुपारची भाकरी घेऊन आली. तिने तिघांकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे. रोज बघणाऱ्या माणसाला दोन बोटंही कळतात.

"काय केलंसा?" ती म्हणाली.

मॅडमने तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. लिहिलं तर सगळ्या चालकांची सुटका होते आणि हणमंतचा ट्रॅक्टर उलटून पूर्ण होतो. नाही लिहिलं तर हणमंत राहतो आणि परवापासून पोपट त्याच्या शेजारी येतो. मालनने ऐकून घेतलं. भाकरीचं फडकं सोडलं, हणमंतच्या हातात भाकरी दिली, वर मिरचीचा ठेचा ठेवला.

"लिवायचं न्हाई," ती म्हणाली.

"अगं, पोपटच्या पोरीचं लगीन हाय."

"असू दे लगीन. माझं बी झालंय." मग ती पोपटकडे वळली. "भाऊजी, राग नगा मानू."

"न्हाई वैनी," पोपट म्हणाला. "मी असतो तर माझ्या घरची बी हेच बोलली असती."

हणमंत भाकरी खात विचार करत होता. त्याला मरायचं नव्हतं. ही गोष्ट त्याने कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण रोज सकाळी ऊन मडगार्डवर आलं की त्याला बरं वाटायचं आणि खालच्या गावातल्या शाळेची घंटा ऐकू आली की आणखी बरं वाटायचं. पण पोपटला शेजारी बसवून ते ऊन अंगावर घ्यायचं म्हणजे त्याला ते पटेना. त्याने अर्धी भाकरी संपवली आणि समोरच्या दगडाकडे बघितलं. त्यावर पांढऱ्या रंगात ३४० लिहिलं होतं.

"मॅडम, तुमी उतार लिवता तो सगळ्या भिंतीचा एकच लिवता का दगडाप्रमानं?"

"दगडाप्रमाणे. साखळी इतकी ते साखळी इतकी, उतार इतका."

"मग सगळी भिंत खरी लिवा. माझी जागा तेवढी सोडा."

मॅडमने त्याच्याकडे बघितलं.

"तीनशे पस्तीस ते तीनशे पंचेचाळीस," हणमंत म्हणाला. "धा मीटर. तेवढं जुनं ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे दहा मीटर खोटं लिहायचं."

"लिवायचं न्हाई. हाय ते ठिवायचं."

"मामा, ते एकच आहे." ती पेन्सिल बोटांत फिरवत राहिली. "आणि उद्या कुणी म्हणालं, इथे तीनास एक आहे, घाला ट्रॅक्टर, तर? कागदावर हेच दहा मीटर घालण्यासारखे राहतील."

"मी हाय की हितं," हणमंत म्हणाला. "माझ्यावरनं कोन घालतोय?"

मग मॅडमने वही मिटली आणि ती उठली.

नवा तक्ता तिने एकोणीस तारखेला केला. साखळी शून्य ते तीनशे पस्तीस, पावणेदोनास एक. तीनशे पस्तीस ते तीनशे पंचेचाळीस, तीनास एक. त्यापुढे शेवटपर्यंत पुन्हा पावणेदोनास एक. कुलथे साहेबांनी तक्ता वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"मधेच दहा मीटर भिंत एवढी झोपते कशी?"

"सर, स्थानिक परिस्थिती."

"मग शेऱ्यात तसं लिहा. शेऱ्याशिवाय तक्ता अपुरा दिसतो."

तिने शेऱ्यात तसं लिहिलं आणि दोघांनी शाईने सह्या केल्या. दुपारी तीनला हणमंतच्या मागेपुढे सगळी भिंत आहे तेवढी खडी झाली. तसं डोळ्यांना काही वेगळं दिसलं नाही. दोन म्हशी उतारावर चरत होत्या, त्या आपल्या आपण खाली उतरल्या. ट्रॅक्टर हलला नाही. मालन सकाळपासून वरच्या अंगाला हात जोडून उभी होती. तिने हात सोडले आणि घरी जाऊन झोपली, कारण ती आदल्या रात्री झोपली नव्हती.

पोपटचा आदेश रद्द झाला. भिंतीवर ट्रॅक्टर घालायला मनाई झाली आणि खालच्या गावांतल्या चौदा बायका विळे घेऊन कामाला लागल्या. त्यांनी आठ दिवसांत जवळजवळ सगळं गवत काढलं आणि त्याखाली एकवीस बिळं आणि एक ओलसर जागा सापडली. ओलसर जागेत माती आणि चुना भरला गेला. पोपटच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी झालं; मांडवात बाप होता आणि सगळा वेळ याचं त्याचं बटण धरून बोलत होता.

शेवटी ते दहा मीटर उरले.

मॅडमने तिथे चुन्याच्या दोन रेघा मारून दिल्या होत्या. ट्रॅक्टरच्या वरच्या अंगाचं गवत बायकांनी कापलं, मागचं कापलं, पुढचं कापलं. खालच्या अंगाचं, म्हणजे ट्रॅक्टर ज्या बाजूला उलटत होता त्या बाजूचं, कापायला कोणी तयार होईना. "बिळं त्याच्या खाली बी असत्याल की," असं एक जण म्हणाली आणि तरीही गेली नाही. पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं. बायका विळे घेऊन घरी गेल्या. मालन राहिली. ती त्या चौदांतच होती.

"घरी कवा यायचं मग तुमी?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत तिने हे पहिल्यांदाच विचारलं.

"हितलं बी खरं लिवतील तवा."

मालनने यावर विचार केला. ती घाईने बोलणारी बाई नव्हती.

"मग नगा येऊ," ती म्हणाली.

तिने पदर खोचला, विळा उचलला आणि ट्रॅक्टरच्या पुढून वळसा घालून खालच्या अंगाला उतरू लागली.

"अगं, तिकडं नगं," हणमंत म्हणाला. "मालन, खाली नगं जाऊ."

"का? तीनास एक हाय न्हवं हितं?"

ती कललेल्या ट्रॅक्टरच्या खाली उकिडवी बसली आणि गवत कापायला लागली. हणमंतला ती दिसत नव्हती, विळ्याचा आवाज तेवढा येत होता. त्याने सगळा भार उजव्या मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी मडगार्ड धरला आणि ती कापून वर येईपर्यंत श्वाससुद्धा बेताने घेतला.